डब्यातलं वचन

नाताळ संपला की लोक निवांत होतात, पाळकाची बायको मात्र दुप्पट राबते. करंज्या तळून हात भाजलेले, पाहुण्यांची अंथरुणं अजून उचललेली नाहीत, आणि सव्वीस तारखेला सकाळीच आमचे हे प्रेसवाल्याकडून पिशवीभर कात्रणं आणून माझ्यापुढं टाकत. लग्नपत्रिका कापून उरलेल्या जाड कागदाच्या पट्ट्या असायच्या त्या. एका बाजूला सोनेरी वेलबुट्टी, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, वचनं लिहिण्याचं काम माझं, कारण माझं अक्षर चांगलं. बोर्डिंगात असताना अक्षरासाठी मला बक्षीस मिळालं होतं. ते मिळालं नसतं तर बरं झालं असतं, असं मला वसमतला पुष्कळ वर्षं वाटत राहिलं.

आम्ही वसमतला आलो ते नव्वदीच्या सुरुवातीला. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीतच मोडायचो. आमच्या चर्चची मंडळी लहान, पन्नासेक घरांची. काही वसमतची, काही हट्ट्याची, दोन-चार शिरड शहापूरकडची. बहुतेक मजुरी करणारी. हळद शिजवायला, मोंढ्यात पोती उचलायला, ऊस तोडायला जाणारी माणसं. एक जानेवारीला सकाळी उपासना झाली की सगळ्यांनी ओळीनं पुढं यायचं, डोळे मिटायचे आणि बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून एक पट्टी उचलायची. ते ज्याचं त्याचं वर्षाचं वचन. वर्षभर देव त्याच्याशी त्या वचनातून बोलणार. कुणी ती पट्टी भिंतीला डकवत, कुणी उशीखाली ठेवत, एकजण तर ती प्लास्टिकात घालून बंडीच्या खिशात बाळगायचा. डबा मी धरायची, कारण यांच्या हातात शास्त्र असायचं.

सुरुवातीला यांचा नियम होता की शास्त्राच्या सहासष्ट पुस्तकांपैकी प्रत्येकातलं निदान एक वचन डब्यात पडलं पाहिजे. सगळंच देवाच्या तोंडचं, मग आपण कोण निवड करणारे? मीही तसंच मानायची. लहानपणापासून तेच ऐकलेलं होतं. शास्त्रात चूक नाही, कानामात्रा इकडची तिकडे नाही, लिहिणारे हात माणसांचे पण लिहवून घेणारा देव. ते मला भाकरीइतकं साधं वाटायचं.

पहिल्याच वर्षी एका नव्या सुनेला पट्टी आली, तीत घर ओस पडेल, अंगणात कोल्हे फिरतील, अशा अर्थाचं काहीतरी होतं. पोर पाच महिन्यांची गरोदर. तिनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी तिची सासू ती पट्टी ताटलीत घालून, वर फडकं झाकून, आमच्या दारात आली.

"पाळकीणबाई, हे घ्या परत. बदलून द्या."

यांनी शांतपणे सांगितलं, की देवाचं वचन म्हणजे दुकानातलं पातळ नव्हे, बदलून मिळायला. सासू बिचारी तशीच परत गेली. पुढं सून सुखरूप बाळंत झाली, घरही ओस पडलं नाही, उलट तीन लेकरांनी डोक्यावर घेतलं. पण ती झाकलेली ताटली माझ्या मनातून जाईना. नासलेलं कालवण परत करावं तशी ती बाई देवाचं वचन परत करायला आली होती, आणि मला तिचं काही चुकलेलं वाटेना.

त्यानंतर मी वचनं गाळायला लागले. यांना न सांगता. चहा गाळतो तसं, आपोआप हात चालायचा. गाळायचं म्हणजे आधी वाचावं लागतं, म्हणून मी सगळं शास्त्र वाचलं, पानन् पान. आमच्या मंडळीत असं वाचणारी मी एकटीच असेन. पाळकसाहेबांना प्रवचनापुरतं पुरायचं. वाचता वाचता माझी दमछाक झाली. गावंच्या गावं कापून काढा, तान्ही लेकरंही ठेवू नका, हेही देवाच्याच नावावर होतं, आणि हरवलेलं एक मेंढरू खांद्यावर घेऊन येणं हेही त्याच्याच. दोन्ही एकाच तोंडचं कसं? यांना विचारलं तर म्हणाले, देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत. मी म्हटलं, मला कळत नाहीत हे ठीक, पण शेजारणीला ही पट्टी देता येईल का, एवढंच सांगा. ते म्हणाले, डोकं दुखतंय.

शंभरातली दहा वचनं हाताला लागायची, जी आजाऱ्याला, विधवेला, रिकाम्या पोटाच्या माणसाला देता येतील. तीच ती दरवर्षी फिरवून लिहायची. लिहिताना एक विचार हळूच यायचा. माझ्याआधी, शेकडो वर्षांपूर्वी, कुणीतरी असंच बसून हे ठेवा आणि ते गाळा असं केलं असेल का? त्यालाही कुणाची कीव आली असेल, कुणाचा राग आला असेल, कुठं तोही दमला असेल? हा विचार आला की मी उठून भाजी चिरायला घ्यायची. पाळकाच्या घरात असले विचार परवडत नाहीत.

आणि गाळण्यावर गोष्ट थांबली नाही. एकदा लबाडीची वाट सापडली की पाय तिकडंच वळतात. डबा माझ्याच हातात असायचा. पुढं आलेल्या माणसाचे डोळे मिटलेले. कोणाच्या घरी काय चाललंय हे पाळकिणीइतकं कुणाला ठाऊक? नवरा टाकून गेलेली बाई पुढं आली की मी डबा जरा तिरका करायची आणि हवी ती पट्टी अंगठ्यानं वर सरकवायची. तिची बोटं बरोबर त्याच पट्टीवर पडायची. बाई डोळे उघडून वाचायची आणि तिचा चेहरा असा उजळायचा की मला वाटायचं, यात पाप कसलं? देवाला जमत नसेल तर थोडी मदत केली.

जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. हट्ट्याचा एक माणूस होता, हळद शिजवायच्या कढईवर काम करणारा. उंच, रुंद खांद्यांचा, गायला लागला की आमच्या चर्चच्या पत्र्याला कंप सुटायचा. त्याला टीबी झाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या होत्या, दोन महिने झाले होते, पण माणूस अर्धा झाला होता. एक जानेवारीला तो बायकोच्या आधारानं ओळीत उभा राहिला. त्याचे गाल पार आत गेले होते. त्याला उभारी यावी म्हणून मी अंगठा चालवला. देव म्हणतो, तुला बरं करणारा मीच आहे, अशा अर्थाचं ते वचन होतं. त्यानं ते वाचलं, डोळ्यांना लावलं, आणि खोकला येईपर्यंत हसला.

फेब्रुवारीत एका रविवारी उपासना झाल्यावर त्याची बायको मला नळापाशी गाठून म्हणाली, "बाई, एक विचारू का? कुणाला सांगू नका. यांची लघवी आता लाल येऊन न्हाई राहिली."

मला काही उमगेना. मग तिनं समजावलं. टीबीच्या गोळ्या चालू असल्या की लघवी लालभडक होते, दवाखान्यातल्या नर्सनं आधीच सांगून ठेवलं होतं. ती रोज सकाळी मोरीत पाहायची. महिना झाला, साधी येत होती.

"गोळ्या बंद केल्या म्हन्तात. म्या विचारलं काहून, तर वचन दाखवलं. देवानं बरं करतो म्हटलं अन् म्या गोळी खाऊ? म्हंजे देवावर भरोसा न्हाई असं होते, म्हन्तात."

करायला गेले गणपती अन् झाला मारुती. आमच्या घरात ही म्हण चालायची नाही, पण त्या क्षणी मला हीच आठवली.

घरी आल्यावर मी यांना म्हटलं, "त्या माणसाला गोळ्या घ्यायला सांगा. तुमचं ऐकेल."

अंगठ्याचं मी बोलले नाही. तेवढं धैर्य नव्हतं.

हे माणूस वाईट नव्हते हो. त्यांनाही हट्ट्याचा तो हवा होता, त्याचं गाणं हवं होतं. पण म्हणाले, "मी कसं सांगू? देवानं त्याला स्पष्ट वचन दिलंय. मी गोळ्या घे म्हणालो तर वचन खोटं ठरवल्यासारखं होईल. एक वचन खोटं, तर बाकीच्यांचं काय?"

"तुम्ही बीपीची गोळी घेता ना रोज सकाळी?"

"मला तसं वचन आलेलं नाही."

हे ते थट्टेनं बोलले नव्हते. इतका हुशार माणूस, आणि एका पट्टीपुढं त्याची बुद्धी हात टेकून उभी. त्या दिवशी मला देवापेक्षा या विश्वासाचीच भीती वाटली, जो एक वीट काढली तर सगळी भिंत पडेल म्हणून कुणाला विटेला हात लावू देत नाही, मग भिंतीखाली माणूस का सापडेना.

मंगळवारी, बहिणीच्या नात्यातल्या कुणाला तरी भेटायचं आहे असं सांगून मी हट्ट्याच्या एसटीत बसले. शिवारात जिकडंतिकडं कढया पेटलेल्या, हळदीचा उग्र वास खिडकीतून आत येत होता. दरवर्षी या दिवसांत तो माणूस तिथं उघड्या अंगानं घामाघूम उभा असायचा. आता तो घरापुढं बाजेवर बसला होता, अंगावर घोंगडी.

"सलाम, पाळकीणबाई. इतक्या उन्हात काहून आलात?"

मी बाजेच्या कडेला बसले आणि एका दमात सांगून टाकलं. उशीर केला असता तर बोलणं जमलं नसतं. "ती पट्टी देवानं तुम्हाला दिली नाही. मी दिली. तुमचे डोळे मिटलेले होते. मी अंगठ्यानं पुढं सरकवली."

तो हसला. खरोखर हसला. "मंग तुमचा अंगठा कुनी चालवला, बाई? सगळं शास्त्र मानसाच्याच हातानं लिवलंय, पाळकसाहेबच सांगतात की. हात मानसाचा, बोल देवाचे."

हे उत्तर मी जन्मभर ऐकलं होतं, स्वतः रविवारच्या शाळेत लेकरांकडून घोकून घेतलं होतं. माझंच शस्त्र माझ्यावर आलं. पण एसटीत बसल्यापासून मी तेवढा विचार करून ठेवला होता.

"बरं," मी म्हटलं, "माझा अंगठा देवाचा, तर जीभही देवाचीच असेल. ती आज म्हणते, गोळ्या घ्या."

बायको दारात उभी राहून ऐकत होती, हातातलं सूप तसंच धरून.

"खरं सांगा बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "मन ठेवायला न्हाई. देवाच्या मनात होतं म्हून तुमी सरकवली, का तुमच्या मनात होतं?"

"माझ्या मनात होतं. तुमचा चेहरा पाहवला नाही मला. दुसरं काही नव्हतं."

"अन् दुसऱ्यांचं बी?"

"पुष्कळांचं."

त्यानं घोंगडी अंगाभोवती घट्ट ओढली. मग बोलला ते माझ्याशी होतं की नाही कोण जाणे.

"म्हंजे देव माझ्याशी बोललाच न्हाई. साऱ्या जिंदगीत एकडाव बोलला असं वाटलं होतं. मला वाटलं, एवढ्या दुनियेत आपलं नाव म्हाईत हाय त्याला."

मला वाटलं होतं, मी त्याचा जीव वाचवायला चाललेय. त्या जिवातलं काय काढून घ्यायला चाललेय, याचा विचार मी एसटीत केला नव्हता. मी काहीतरी पुटपुटले, देव दवाखान्यातूनही बोलतो, नर्सच्या तोंडूनही बोलतो, तुमची बायको रोज मोरीत वाकून बघते त्यातही तो असेल. मला ते खरं वाटत होतं, आजही वाटतं. पण ज्याच्या हातातून पट्टी काढून घेतली, त्याला ते कसं पुरणार? तो बायकोला म्हणाला, "पानी आन." तिनं गोळ्यांची पुडी आणि तांब्या आणला. त्यानं माझ्यादेखत गोळ्या गिळल्या आणि तोंड फिरवलं.

दवाखान्यानं त्याला फैलावर घेतलं आणि पहिल्यापासून औषध सुरू केलं. या वेळी वर इंजेक्शनंही. आठ-नऊ महिने लागले. दिवाळीच्या सुमाराला त्याची बायको म्हणाली, थुंकी साफ आली, अंगावर मांस धरायला लागलंय, बराबर जेवतात. मी तिचा हात घट्ट धरला. वर्षातला तेवढा एक आनंद.

पण तो उपासनेला आला नाही. बायको एकटी यायची, मागच्या सतरंजीवर बसायची. आमचे हे दर रविवारी त्याच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना करायचे, की हे प्रभू, वचनावरून ढळलेल्या आमच्या भावाला परत आण. सगळे आमेन म्हणायचे. मीही म्हणायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बायकोही आमेन म्हणायची आणि माझ्याकडं पाहायची नाही. दोघांनी कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. माझी लाज त्यांनी राखली, आणि मी त्यांचं काय राखलं?

नाताळ तोंडावर आला. एका सकाळी हे पायात चपला सरकवत म्हणाले, "हट्ट्याला जाऊन येतो. त्याला विचारतो तरी, काहून येत नाही म्हणून. माझी काही चूक झाली असेल तर माफी मागतो."

चूक माझी, आणि माफी मागायला हे एसटीनं जाणार. मला ते सहन झालं नाही.

"बसा जरा," मी म्हटलं. "आधी माझं ऐका."

मग सगळंच सांगितलं. सुनेची ताटली, गाळलेली वचनं, तिरका डबा, अंगठा, हट्ट्याची ती दुपार. सांगताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण नाही आलं. शिळी बातमी सांगावी तसं झालं. ते चपला घालूनच खाटेवर बसून होते. मला वाटलं ओरडतील. शास्त्राशी खेळलीस म्हणतील, मंडळीपुढं उभं राहून कबूल कर म्हणतील. मी त्याचीही तयारी ठेवली होती.

त्यांनी एवढंच विचारलं, "किती जणांना?"

"मोजले नाहीत."

"आणि मला?"

हा प्रश्न येईल हे मला सुचलंच नव्हतं. वसमतला आल्यावर तिसऱ्या वर्षी मंडळीत दोन तट पडले होते. एका तटानं यांच्याविरुद्ध वरपर्यंत अर्ज केले, आमच्या दारावर शेण फेकलं. यांनी राजीनामा लिहिला आणि खिशात ठेवला. मला माहीत होतं, कारण सदरा मीच धुवायची. त्या एक जानेवारीला सगळ्यात शेवटी हे पुढं आले, डोळे मिटून. दुपारी चुलीपुढं बसून त्यांनी तो राजीनामा फाडून टाकला. मला किंवा कुणालाच कधी सांगितलं नाही, पण त्यानंतरचं प्रत्येक वर्ष त्यांनी त्या एका पट्टीवर काढलं. ती त्यांच्या शास्त्राच्या पुठ्ठ्यात होती, वेलबुट्टीचा सोनेरी रंग उडालेली.

खोटं बोलायला तेवढी संधी होती. नाही म्हटलं असतं तर त्यांचं सगळं शाबूत राहिलं असतं. हट्ट्याच्या माणसाला खरं सांगितलं होतं, याला निदान सोडावं, असं फार वाटलं.

"हो," मी म्हटलं. "तुम्हालाही."

त्यांनी मान खाली घातली. बाहेर कुणीतरी हापशावर पाणी भरत होतं, त्याचा कुईकुई आवाज येत राहिला.

"म्हणजे," ते थांबत थांबत म्हणाले, "तुला कधी सोडणार नाही, कधी टाकणार नाही, हे पट्टीवरचं तू म्हणाली होतीस."

"मीच म्हणाले होते. माझ्या नावानं म्हणायची लाज वाटली."

त्यांनी मान वर केली. चेहरा एकदम म्हातारा दिसला. "आणि सोडलं नाहीस," ते म्हणाले, आणि लेकरासारखे रडायला लागले. देव गेला म्हणून की मी सापडले म्हणून, ते मी विचारलं नाही. मला रडू येत नव्हतं, मी फार दमले होते. मी त्यांच्या पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि शेजारी जाऊन बसले.